नत्राम्ल – तीव्र

"'व्र' जरा ठसठशीत काढ. लांबून वाचता आला पाहिजे," हे म्हणाले.

मी टाक शाईत बुडवला. मागच्या पडवीत आम्ही दोघं समोरासमोर बसलो होतो. मध्ये पाट, पाटावर पाकिटाच्या पाठकोऱ्या कागदाची पट्टी. वरच्या ओळीत 'नत्राम्ल' लिहून झालं होतं. खालच्या ओळीत 'तीव्र' लिहायचं होतं.

"इंग्रजीत नको का?" मी विचारलं. "औषधांच्या बाटल्यांवर इंग्रजीत असतं."

"त्या दुकानातल्या. ही घरची आहे. घरातल्या तिघांना वाचता आलं पाहिजे ना? माईला कुठे इंग्रजी येतं?"

माईंना वाचता यावं म्हणूनच ते मराठीत लिहिलं. हे वाक्य मी आजही मनात फिरवून बघते.

माझं अक्षर वळणदार होतं. कॉलनीतल्या मारुतीच्या देवळाचे फलक माझ्याकडून लिहून घेत. आमच्या देव्हाऱ्यातल्या गंगेच्या बाटलीवरची चिठ्ठीही माझ्याच हातची. तिच्यावरही दोन ओळी होत्या. वर 'गंगेचं', खाली 'तीर्थ'.

भुसावळच्या रेल्वे कॉलनीतलं दोन खोल्यांचं क्वार्टर. पुढची खोली, मग स्वयंपाकघर, त्याच्या कोपऱ्यात देव्हारा, आणि मागे पत्र्याची पडवी. हे स्टेशनातल्या तारऑफिसात होते. घरात आम्ही दोघं आणि ह्यांच्या आई. त्यांना सगळी कॉलनी माईच म्हणे. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मी सव्वीस वर्षांची होते.

ह्यांचं बी.एस्सी. दुसऱ्या वर्षी सुटलं. मामंजी अचानक गेले, नोकरी चालून आली, ती घ्यावीच लागली. जळगावच्या कॉलेजातली प्रयोगशाळा सुटली, पण मनातून सुटली नाही. ड्यूटीवरून आले की चहा घेऊन पडवीत बसायचे. कधी तुरटीचे खडे वाढव, कधी मोरचुदाचं निळं पाणी कर. कुणाला त्रास नाही, कुणाशी वाद नाही. माई म्हणायच्या, "सोनाराच्या घरी जन्माला यायचा, वाट चुकून माझ्या पोटी आला."

त्या वर्षी ह्यांनी चांदीचं झाड मनावर घेतलं.

"चांदी विरघळवायची," हे मला समजावून सांगत. "मग त्या पाण्यात तांब्याची तार सोडून गप्प बसायचं. चांदी तारेवर परत येते. पण तुकडा होऊन नाही, सिंधू. फांद्या होऊन. पानं होऊन. बाटलीत झाड उगवल्यासारखं."

"खरंच?"

"कॉलेजात बघितलंय. एकदाच. दुसऱ्यांदा बघायचं राहिलं."

श्रावणात माझी जोडवी झिजून तुटली होती. ती मी काडेपेटीत घालून ठेवली होती. ती ह्यांच्यापुढे केली. हे काडेपेटी हातात धरून बघत राहिले.

"तुझ्या जोडव्यांचं झाड करून दाखवतो," म्हणाले.

चांदी विरघळवायला नत्राम्ल लागतं. सोनाराकडे मिळतं, पण ह्यांना ते स्वतः करायचं होतं. कॉलेजच्या भंगारातून एक काचेचं बकपात्र ह्यांनी पूर्वीच आणून ठेवलं होतं. बगळ्यासारखी मान वाकवलेलं, फुगीर पोटाचं. ते शेगडीवर चढवून हे पडवीत बसत आणि मी दारात पाण्याच्या दोन बादल्या भरून उभी राहत असे. माझं काम तेवढंच.

"काही उडालं, काही सांडलं, तर विचार करायचा नाही," हे दर वेळी बजावत. "पाणी ओतायचं. मग परत पाणी. मग परत पाणी."

पहिल्या खेपेला निघालं ते पिवळं जर्द होतं. दुसऱ्यांदा काढलं तेव्हा पाण्यासारखं नितळ झालं. हे लहान मुलासारखे हरखले.

"पण खरं उतरलं का, ते कळायचं कसं?" मी विचारलं.

"सोपं आहे. तांब्यावर टाकायचं. तांबडा धूर निघाला तर खरं. नाही निघाला तर नुसतंच आंबट पाणी." मग बोटांवर वार मोजले. "उद्यापासून शनिवारपर्यंत सकाळची ड्यूटी आहे. रविवारी बघू. निवांत."

प्रश्न बाटलीचा होता. बूच ते खातं, रबर खातं. काचेचंच झाकण हवं. तशा दोन बाटल्या आमच्याकडे होत्या, मामंजींनी बऱ्हाणपूरच्या अत्तरवाल्याकडून आणलेल्या, अगदी एकसारख्या. एकीत गंगा, देव्हाऱ्यात. दुसरी रिकामी, फडताळात.

ह्यांनी मला विचारलं तेव्हा सकाळ होती आणि माझं मौन होतं.

चातुर्मासात मी मौन धरत असे. उठल्यापासून पूजा होऊन तीर्थ तोंडात पडेपर्यंत अक्षर बोलायचं नाही. लग्न होऊन आले त्या वर्षी माईंनीच मला हा नेम दिला होता, आणि घर चालावं म्हणून त्याला एक पळवाटही दिली होती. "एक हुंकार म्हणजे हो," त्या म्हणाल्या होत्या, "दोन म्हणजे नाही. बाकी देव बघून घेईल."

"फडताळातली रिकामी बाटली घेऊ का?" ह्यांनी दबक्या आवाजात विचारलं. "माईला बोलू नकोस. काम झालं की धुऊन परत ठेवतो."

मी 'हं' केलं. एकदा.

चिठ्ठी मी त्याच दुपारी लिहिली, खळीने चिकटवली. बाटली पडवीतल्या उंच कोनाड्यात गेली. त्यानंतर तीन दिवसांनी मी केर काढताना वर बघितलं तर चिठ्ठीची वरची ओळ नाहीशी झाली होती. झाकण बसवताना थेंब ओघळला असणार. 'नत्राम्ल' जिथे होतं तिथला कागदच पिवळा पडून भुगा झाला होता. खालची ओळ शिल्लक होती, शाई थोडी फुटलेली. मी मनात म्हटलं, नवीन लिहायला हवी.

त्या दिवशी भाद्रपदातली एकादशी होती. माईंचा उपास निर्जळी असे. अडुसष्टाव्या वर्षीही त्या पाण्याचा थेंब घेत नसत. आणि दुसऱ्या दिवशी द्वादशी असेपर्यंतच, गंगेच्या तीर्थाने आणि तुळशीच्या पानाने, पारणं सोडायचं, हा त्यांचा नेम. द्वादशी उलटली की पारणं चुकलं. त्यांचं एकदाही चुकलेलं नव्हतं.

संध्याकाळी पंचांग डोळ्यांजवळ धरून त्यांनी हाक मारली. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता.

"सिंधू, बघ गं. उद्या द्वादशी किती वाजेपर्यंत?"

"सात बावन्नपर्यंत, माई."

"इतकीच? मग पूजा लवकर आटप. आणि गंगा संपलीय हं. देव्हाऱ्यातल्या बाटलीत थेंब नाही. कोल्हेबाईंनी काशीहून आणलेली आहे ना?"

शेजारच्या कोल्हेबाई काशीयात्रा करून आल्या होत्या. त्यांनी प्लास्टिकच्या डब्यातून गंगा दिली होती. तो डबा पडवीत, कोनाड्याखालीच ठेवलेला होता.

"प्लास्टिकातली देवापुढे नको," माई म्हणाल्या. "बाटलीत भरून ठेव. आजच."

"भरते," मी म्हटलं आणि देव्हाऱ्यातली रिकामी बाटली घासायच्या भांड्यांत काढून ठेवली.

आणि मग हे बाजारातून आले, ह्यांना तांब्याची तार घासून हवी होती, ती घासत बसले, स्वयंपाक झाला, झोपायची वेळ झाली.

सकाळी सहाच्या ड्यूटीला हे गेले. मी स्नान करून पूजेला बसले. देव धुतले, पुसले. गंध, फुलं, दिवा. देव आमचे थोडे. अन्नपूर्णा, शाळिग्राम आणि माईंच्या माहेरचा चांदीचा बाळकृष्ण, अंगठ्याएवढा, हसरा. मग डोळे मिटून जपाला बसले. अकरा माळांचा नेम होता. नवव्या माळेला मला आठवलं की गंगा भरलेली नाही.

देव्हाऱ्यावरच्या घड्याळात साडेसात वाजून गेले होते.

मागे माईंच्या पावलांची चाहूल होती. आधी स्वयंपाकघरात, मग पडवीत. कोनाड्याखालचा डबा हलल्याचा आवाज आला. मग थोडा वेळ काहीच नाही. मग माई काहीतरी बोलल्या. माझी माळ चालू होती. दहावी संपली, अकरावी लागली.

माई माझ्या शेजारी येऊन पाटावर बसल्या, ते त्यांच्या लुगड्याच्या सळसळीवरून कळलं. श्वास जड येत होता. छत्तीस तासांचा कोरडा घसा.

"तुझं चालू दे गं," त्या पुटपुटल्या. "मी घेते ओतून. आठ मिनिटंच राहिलीत."

काचेवर काच घासल्याचा आवाज आला. तो आवाज मला ठाऊक होता, पण देव्हाऱ्यातल्या बाटलीचाही आवाज तसाच होता. मग पातळ धार. तांब्याच्या पंचपात्रीत पडणारी.

मग एक वेगळाच आवाज. तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा, पण थांबेना.

मी डोळे उघडले.

आमच्या दोघींच्या मध्ये पंचपात्री होती आणि तिच्यातून धूर वर येत होता. उदबत्तीचा नव्हे. तांबडा, दाट, विटकरी. आत हिरवट पाणी खदखदत होतं. वास नाकातून मेंदूत गेला.

"अगं बाई," माई म्हणाल्या. त्यांना डोळ्यांनी धड दिसत नव्हतं. धूर आणि त्याची तांबूस झाक तेवढी कळली होती. त्यांचा आवाज कातर झाला. "धूप कुणी घातला गं? काय रंग आलाय बघ देवघराला!"

त्यांच्या उजव्या हातावर तुळशीचं पान होतं. तळवा तीर्थासाठी खोलगट केलेला होता. डाव्या हातात बाटली. घड्याळाकडे बघून त्यांनी पंचपात्रीचा नाद सोडला आणि बाटलीच कलती केली. सरळ हातावर.

मी तोंड उघडलं. माझ्या तोंडातून आलं ते, "हं हं! हं हं!"

सहा वर्षांची सवय. शब्द आलाच नाही.

"हो गं, घेते, घेते," माई म्हणाल्या.

धार तळव्यावर पडली आणि मी हात मारला. दोन्ही हात. बाटली उडाली, फुटली. पंचपात्री उलथून तिच्यातलं सगळं देवांवर गेलं. माईंच्या तोंडापर्यंत काही गेलं नाही. ओठ आणि हात यांच्यात चार बोटांचं अंतर होतं. पण हात मुठीत मिटला होता. दचकून माणूस मूठ मिटतो, तसा. आणि मूठ मिटल्यावर त्यांनी जी किंकाळी फोडली, ती अजून माझ्या कानात आहे.

मी त्यांना काखेत हात घालून उचललं. मागून ओढत पडवीत नेलं. बादल्या भरलेल्या होत्या, रोज भरून ठेवायची सवयच झाली होती. त्यांची मूठ माझ्या बोटांनी उघडली आणि पाणी ओतलं. मग परत पाणी. मग परत पाणी. त्यांची कातडी माझ्या डोळ्यांदेखत हळदीसारखी पिवळी होत गेली. माझ्या डाव्या हाताची तीन बोटंही. मला दुखत होतं की नाही, ते आठवत नाही.

"अगं काय होतंय गं हे? बोल ना!" माई ओरडत होत्या. "सिंधू, बोल ना गं काहीतरी!"

मी बोलत नव्हते. पाणी ओतत होते.

आरडाओरडा ऐकून कोल्हेबाई मागच्या दाराने धावत आल्या. "ओ माय! काय झालं वो?" पडवीतून आत बघितलं तर स्वयंपाकघर तांबड्या धुराने भरलेलं. "आग लागली काय?"

मी मान हलवली. पुढचं दार उघडायची खूण केली. त्या पदर नाकाला लावून धावल्या, दारं-खिडक्या सताड उघडल्या. मग रिक्षा, मग रेल्वेचा दवाखाना.

डॉक्टरांनी हात धुतला, मलम लावलं, बांधला. हाताची त्यांना एवढी काळजी दिसेना. त्यांनी माईंच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही.

"धूर किती गेला आत?" त्यांनी मला विचारलं.

मी बोटांनी 'थोडा' असं दाखवलं.

"ह्या बाई मुक्या आहेत का?"

"नाही वो, मौन आहे तिचं," कोल्हेबाई म्हणाल्या. "आतापर्यंत सुटायला पायजे होतं."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हा धूर लगेच दाखवत नाही. माणूस आता बोलतं-चालतं, आणि संध्याकाळी छातीत पाणी भरतं. आज इथेच राहू द्या. श्वास मोजत बसा."

मी मोजत बसले. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा आणि माईंची छाती. मिनिटाला वीस. मिनिटाला बावीस. हातात माळ नव्हती, पण अंगठा बोटांच्या पेरांवरून आपोआप फिरत होता. पिवळ्या पडलेल्या पेरांवरून.

अकराच्या सुमाराला हे आले. तारऑफिसात निरोप पोचायला वेळ लागला होता. वाटेत घरी जाऊन बघून आले होते, ते चेहऱ्यावरूनच कळलं.

माईंच्या खाटेशी खाली गुडघ्यांवर बसले. "माई."

"बरी आहे रे मी," माई म्हणाल्या. आवाज घोगरा. "घाबरू नकोस."

"मी घेतली होती ती बाटली. तुला न विचारता. सिंधूला म्हटलं, माईला बोलू नकोस. मी. मी केलं हे सगळं." हे रडत होते. मी ह्यांना रडताना तोपर्यंत बघितलं नव्हतं. "पण तू ती घेतलीस कशी? चिठ्ठी होती ना वर?"

"होती की. सिंधूच्या हातची. 'तीर्थ' लिहिलेलं."

ह्यांनी डोळे मिटले. मलाही तेव्हाच कळलं. 'ती', आणि शेजारी फुटलेल्या शाईतला एक जोडाक्षराचा गोळा. वरची ओळ नाही. अक्षर सुनेचं. बाटली नेहमीची.

"कुणाला विचारलं नाहीस? कुणालाच?" ह्यांनी विचारलं. "सिंधू होती ना तिथे?"

माईंनी मान वळवली. माझ्याकडे बघितलं. त्या अंधुक डोळ्यांना मी किती दिसत होते, देव जाणे. पण त्यांनी बघितलं, आणि बराच वेळ बघितलं.

"नाही रे पदू," त्या म्हणाल्या. "कुणाला विचारलंच नाही. ही जपात होती. मीच आपली घाई केली."

हे माझ्याकडे वळले. "तू ठीक आहेस ना?"

मी 'हं' केलं.

तीर्थ तोंडात पडलं नव्हतं, म्हणजे मौन सुटलं नव्हतं. नेमाप्रमाणे ते बरोबरच होतं. त्या दिवशी कुणी मला तीर्थ दिलं नाही, आणि मीही मागितलं नाही. दिवसभर मी श्वास मोजले आणि बोलले नाही. दिवेलागणीला डॉक्टरांनी पुन्हा नळी लावली, आणि या वेळी लवकर काढली. "वाचल्या," ते म्हणाले.

रविवारी ह्यांनी पडवी धुऊन काढली. बकपात्र पोत्यात घालून फोडलं. आवाज होऊ नये म्हणून पोतं, पण झालाच. पुस्तकं रद्दीत गेली. तांब्याची घासलेली तार कुठे टाकली कुणास ठाऊक. मी दारात उभी होते. त्या दिवशी मौन नव्हतं. पूजा झाली होती, तीर्थ घेतलं होतं, तोंड मोकळं होतं.

"अहो," मी म्हटलं.

"काय?"

"काही नाही. चहा टाकू का?"

त्यानंतर ह्यांनी तुरटीचा खडासुद्धा हातात घेतला नाही. ड्यूटीवरून आले की शब्दकोडं सोडवत. कुणी कॉलेजचा विषय काढला तर म्हणत, "माझा तो प्रांत नव्हे."

माईंचा हात बरा झाला, पण करंगळी आणि तिच्याशेजारची दोन बोटं आत वळली ती वळलीच. नमस्काराला हात जुळत नसत. ओंजळ होत नसे. डावा हात तीर्थाला चालत नाही. तेव्हा मी पळीने तीर्थ सरळ त्यांच्या तोंडात घालू लागले. त्या अकरा वर्षं जगल्या. अकरा वर्षं रोज सकाळी त्या माझ्यासमोर पाटावर बसत, डोळे मिटत आणि तोंड उघडत. काय आहे, कुठून आणलं, एकदाही विचारलं नाही. आणि मी रोज, त्यांचे डोळे मिटलेले असताना, पळी आधी माझ्या नाकाशी नेत असे. देवाला वाहायचं ते हुंगू नये म्हणतात. मी हुंगत असे.

शेवटच्या आजारात त्यांनी एकदा त्या वाकड्या हाताने माझा डावा हात धरला. पिवळे डाग केव्हाच गेले होते, पण बोटांवरची कातडी अजून गुळगुळीत होती. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. मला वाटलं, आता बोलतील. म्हणाल्या, "पाणी चांगलं ओतलंस हो." एवढंच.

आता आम्ही नाशकात असतो, दोघंच. चातुर्मासातलं मौन मी अजून धरते. परवा भाद्रपदातली द्वादशी झाली. माझं मनगट दुखतं म्हणून हल्ली देव हे धुतात. पूजा झाली, तीर्थ घेऊन झालं होतं. ह्यांनी ओला राहिलेला बाळकृष्ण पुन्हा पुसायला हातात घेतला. त्या दिवसापासून त्याला नाक-डोळे नाहीत. हसू तेवढं पुसटसं राहिलंय.

"ह्याचं नाक माझ्यामुळे गेलं," हे सहज म्हणाले. इतक्या वर्षांत ते थट्टेत बोलायला शिकले होते. "वर गेल्यावर विचारेल मला."

"तुमच्यामुळे नाही," मी म्हटलं.

"मग काय माईमुळे?"

"त्यांनी मला विचारलं होतं."

ह्यांचा हात थांबला.

"पडवीतून. बाटली हातात घेऊन. 'सिंधू, ही भरलीस ना गं गंगा?' असं. मी भरली नव्हती. आदल्या दिवशी 'भरते' म्हटलं होतं आणि विसरले होते. मला वाटलं, जप संपला की पटकन उठून डब्यातली भरेन, त्यांना कळायचंसुद्धा नाही. म्हणून मी 'हं' केलं. एकदा. मान वळवली असती तर हातातली बाटली दिसली असती. वळवली नाही. जप मोडला असता."

बाहेर दूधवाल्याची मोटरसायकल येऊन गेली. ह्यांनी बाळकृष्ण ताम्हनात ठेवला. चष्मा काढला, उपरण्याला पुसला, परत घातला.

"माई म्हणाली होती, कुणाला विचारलं नाही."

"त्या खोटं बोलल्या. आयुष्यात एकदाच."

"तुझ्यासाठी?"

"हो."

"आणि तू ऐकून घेतलंस."

"हो."

"चाळीस वर्षं, सिंधू."

बोलण्यासारखं सगळं बोलून झालं होतं. हे खिडकीबाहेर बघत होते. उठून जातील असं वाटलं. गेले असते तर मी अडवलं नसतं. मग हे माझ्याकडे न बघताच म्हणाले,

"धूर निघाला होता?"

"कसला?"

"पंचपात्रीतून. मी आलो तोवर काही राहिलं नव्हतं. सगळं शेजाऱ्यांनी धुतलेलं. कोल्हेबाई नुसतं 'धूर, धूर' म्हणत होत्या. कुठल्या रंगाचा, ते कुणाला विचारणार? माईचा हात तसा, आणि मी रंग विचारू?"

मी डोळे मिटले. मला शोधावं लागलं नाही.

"तांबडा," मी म्हटलं. "विटेसारखा. दाट."

"लगेच?"

"ओतल्या ओतल्या."

ह्यांनी मान हलवली. हळूहळू, दोनतीनदा. बाहत्तर वर्षांच्या त्या चेहऱ्यावर काहीतरी आलं, जे मी पडवीत पाटापलीकडे शेवटचं बघितलं होतं.

"म्हणजे उतरलं होतं," हे म्हणाले. "खरं उतरलं होतं."

मग ताम्हनातला बाळकृष्ण उचलून त्यांनी देव्हाऱ्यात त्याच्या जागी ठेवला, थोडा सरळ केला, आणि पाठमोरे असतानाच विचारलं,

"ती जोडवी आहेत का गं अजून?"

काडेपेटी देव्हाऱ्याच्याच खणात होती. तीन घरं बदलली, पण ती बरोबर आली होती.

"हं," मी म्हटलं. एकदाच.